मुंबईत वेगळा सिनेमा कुठे पाहायचा, आणि डोंबिवलीत तो कसा दाखवायचा

डोंबिवलीच्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. मुंबईत एवढे पडदे असताना जुने अभिजात चित्रपट, परदेशी चित्रपट आणि माहितीपट मोठ्या पडद्यावर नियमित कुठे पाहायला मिळतात? आणि आपल्याच भागात आठ-दहा जणांनी मिळून फिल्म क्लब काढायचा म्हटलं तर जागा, परवानग्या, यंत्रं यांची जुळवाजुळव कशी करायची? फिल्म सोसायटीच्या कामात मी बरीच वर्षं आहे. खुर्च्या मांडणं, पडदा ताणणं आणि हक्कांसाठी निर्मात्यांच्या मागे लागणं ही तिन्ही कामं केली आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की, रोज तीन-चार खेळ फक्त असेच चित्रपट दाखवणारं एकही थिएटर मुंबईत नाही. जगातल्या इतर मोठ्या शहरांत असतं तसं इथे असेल आणि आपल्यालाच माहीत नसेल, असं समजून लोक वर्षानुवर्षं शोधत राहतात. इथे असे चित्रपट बाराही महिने दाखवले जातात, पण आज या सभागृहात, उद्या त्या कलाकेंद्रात, परवा एखाद्या मल्टिप्लेक्सच्या एका पडद्यावर. म्हणून थिएटर शोधू नका, दाखवणारे शोधा. कार्यक्रम आखणाऱ्या पाच-सहा संस्थांच्या यादीत तुमचं नाव गेलं की महिन्याला दोन-तीन चांगले चित्रपट आपसूक तुमच्यापर्यंत पोचतात.

मराठी माणसाने सुरुवात प्रभात चित्र मंडळापासून करावी. १९६८ साली स्थापन झालेली ही सोसायटी अजून चालू आहे. तिचं ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक मराठीत सिनेमावर गांभीर्याने लिहिणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण राहिलं आहे. २०२३च्या पहिल्याच दिवशी गेलेले सुधीर नांदगावकर हे प्रभातचे संस्थापक. पण त्यांचं काम एका मंडळापुरतं नव्हतं. मुंबईतली आणि महाराष्ट्रातली फिल्म सोसायटी चळवळ त्यांनी अक्षरशः हिंडून उभी केली. आज पन्नाशी-साठीत असलेला, जपानी किंवा इराणी दिग्दर्शकांची नावं सहज घेणारा कुठलाही मराठी प्रेक्षक खरवडून पाहिला तर खाली बहुधा प्रभातचं सभासद कार्ड सापडेल.

सोसायटीला तिकीट नसतं, वार्षिक वर्गणी असते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे जाहीर खेळ करायचा तर चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. पोलंडचा किंवा सेनेगलचा चित्रपट एका खेळासाठी कोण सेन्सॉर करून घेणार? १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार अशा प्रदर्शनाला सूट देऊ शकतं. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न सोसायट्या आणि मान्यताप्राप्त महोत्सव याच वाटेने जातात. फेडरेशन १९५९चं, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. ही सवलत टिकते ती खेळ फक्त सभासदांसाठी आणि बिनव्यापारी असतो म्हणून. तेव्हा दारात ‘आजच्या दिवसाचं तिकीट द्या हो’ म्हणून हुज्जत घालू नका. आतला माणूस कितीही भला असला तरी तो ते देऊ शकत नाही.

दुसरा गट परदेशी सांस्कृतिक केंद्रांचा. काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आणि न्यू मरीन लाइन्सचं आलियान्स फ्रान्सेज इथले बरेच खेळ मोफत असतात. आधी नाव नोंदवायचं, वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचायचं, एवढंच. काळा घोड्याला गेलात तर जवळच वॉटसन हॉटेलची जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसाने भारतातला पहिला खेळ तिथेच केला. इमारतीची आजची अवस्था बघून वाईट वाटेल, पण सिनेमाच्या माणसाने एकदा तिथे उभं राहावं. तिथून नरिमन पॉइंटकडे वळलं की यशवंतराव चव्हाण सेंटर आणि एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). चव्हाण सेंटरमध्ये चित्रपटांचे कार्यक्रम होत असतात आणि तिथे मराठी प्रेक्षक भरपूर भेटतो. एनसीपीएतला माणूस थोडा वेगळा, पण पडदा आणि आवाज चांगला.

माहितीपटांची ओढ असेल तर पत्ता एकच, पेडर रोड. माहितीपट बनवणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली, आता ती एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली आहे. तिच्याच आवारात २०१९पासून भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. अर्धं गुलशन महल नावाच्या जुन्या बंगल्यात, अर्धं नव्या इमारतीत. मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा ‘मिफ्’ हा महोत्सव १९९० साली सुरू झाला. तो दर दोन वर्षांनी भरतो, अलीकडे सम वर्षी मे-जूनच्या सुमारास. माझ्या मते मुंबईतला सगळ्यात कमी लेखला गेलेला महोत्सव हाच. लोक कथापटांच्या रांगेत दोन तास उभे राहतात आणि इथे अफाट ताकदीचे माहितीपट अर्ध्या भरलेल्या सभागृहात संपतात.

आता एकपडदा थिएटरं. यांच्याबद्दल गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत, मी उपयोगाचं तेवढं सांगतो. कुलाब्याचं रीगल १९३३चं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे जतन केलेल्या चित्रपटांचे कार्यक्रम तिथे अधूनमधून होतात, आणि २०२४चा मामी (मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज) महोत्सव रीगल आणि जुहूचं पीव्हीआर अशा दोन टोकांना भरला होता. मरीन लाइन्सचं लिबर्टी १९४९चं. एरवी बंद दिसतं, पण ‘कशिश’ हा एलजीबीटीक्यू चित्रपट महोत्सव बरीच वर्षं तिथे झाला आहे. त्याचे खेळ तिथे असतील त्या वर्षी केवळ ते सभागृह आतून बघण्यासाठीही पास काढावा, चित्रपट तर चांगले असतातच. चर्चगेटचं इरॉस २०२४मध्ये पुन्हा उघडलं ते आयमॅक्स होऊन. बाहेरचा १९३८चा डौल टिकला आहे, आतलं जुनं इरॉस मात्र गेलं. दादरचं प्लाझा आणि लालबागचं भारतमाता ही मराठी चित्रपटाची घरं. महोत्सवात गाजलेला मराठी चित्रपट प्रदर्शित झाला की तो पहिल्या आठवड्यात इथे पाहा. टाळी कुठे पडते आणि कुठे थिएटर गप्प होतं, हे मल्टिप्लेक्समध्ये कळत नाही. प्लाझापासून चालत जाण्याच्या अंतरावर चित्रा होतं, ते २०१९मध्ये बंद झालं. मराठा मंदिरात ऑक्टोबर १९९५पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा एकच चित्रपट रोज सकाळी लागतो, हे जगाला ठाऊक आहे. एकदा जाऊन या, पण अभिजात चित्रपटांच्या शोधात तिथे पोचू नका.

लहान खोल्यांची मजा वेगळी आहे. महालक्ष्मीला लक्ष्मी मिल्सच्या आवारात जी५ए, वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये हरकत स्टुडिओज. हरकतवाले १६ मिमीच्या फिल्मवर महोत्सव करतात. प्रोजेक्टर तुमच्या मागे खडखडत असतो आणि फिल्मचा वास येतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हे एकदा दाखवाच. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला चित्रपट ही वस्तू असते, ती तुटते, जळते, तिला हात लावता येतो, हे सांगून पटत नाही. मात्र अशा ठिकाणी जागा मोजक्या आणि जाहिरात फक्त इन्स्टाग्रामवर. तिथे त्यांना फॉलो करायचं आणि नोंदणी उघडल्यावर लगेच नाव टाकायचं, दुसरा इलाज नाही.

महोत्सवांबद्दल सगळ्यात जास्त विचारणा मामीची होते. १९९७ साली हृषीकेश मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईतल्या चित्रपटकर्मींनी ही संस्था काढली. नांदगावकर तिच्या सुरुवातीच्या वर्षांत महोत्सवाचे संचालक होते. प्रायोजक बदलले तसं तिचं रूप बदलत गेलं आणि २०२५ साली महोत्सव झालाच नाही. यातून प्रेक्षकाने एवढंच घ्यावं की आपलं वर्षाचं सिनेमा पाहणं एकाच महोत्सवावर टांगून ठेवू नये. आशियाई चित्रपटांसाठी २००२ साली सुरू झालेला थर्ड आय महोत्सव आहे. तो साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो, शुल्क परवडणारं असतं आणि त्यात मराठी चित्रपटांनाही मानाची जागा असते. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा कला महोत्सवाचा चित्रपट विभाग विनामूल्य असतो. आणि डोंबिवलीकरांनी पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ्, विसरू नये. कल्याणहून सकाळची गाडी पकडली की पुणं गाठणं काही वेळा अंधेरी गाठण्यापेक्षा सुखाचं जातं.

महोत्सवात काय पाहावं, यावर माझं मत थोडं हट्टी आहे. त्या वर्षी कान किंवा व्हेनिसमध्ये गाजलेले चित्रपट सोडून द्यायला शिका. त्यांची रांग सगळ्यात लांब असते, आणि त्यातले बरेचसे सहा-आठ महिन्यांत थिएटरात किंवा ओटीटीवर येतातच. याउलट जतन करून नव्याने तयार केलेला जुना चित्रपट, एखाद्या दिग्दर्शकाचा सिंहावलोकन विभाग, किर्गिझस्तानचा किंवा श्रीलंकेचा पहिलाच चित्रपट हे परत मोठ्या पडद्यावर दिसण्याची शक्यता फार कमी. दिवसाला तीनच्या वर चित्रपट पाहू नका. पाच पाहणारे पुष्कळ भेटतात, चौथ्याची गोष्ट विचारली की तिसऱ्याची सांगतात. आणि चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांत ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ असं म्हणत कुणी उठला की शांतपणे चहाला जावं.

पुनर्प्रदर्शनांची सध्या लाट आहे. २०२२मध्ये दिलीपकुमार आणि २०२३मध्ये देव आनंद यांच्या शताब्दीनिमित्त फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मल्टिप्लेक्समध्ये त्यांचे चित्रपट लावले, तेव्हा जुन्या चित्रपटाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे हे धंदेवाल्यांच्याही लक्षात आलं. आता दर महिन्याला काही ना काही येतं. पण ‘फोर-के’ असं पोस्टरवर लिहिलं म्हणजे चित्रपट जतन केलेला असतो असं नाही. खरं जतनकाम मूळ निगेटिव्ह किंवा उपलब्ध असलेली सगळ्यात चांगली प्रिंट मिळवून, ती साफ करून, चौकट न चौकट स्कॅन करून होतं. त्याला महिने, कधी वर्षं लागतात. दुसरा प्रकार म्हणजे जुनी व्हिडिओ प्रत घेऊन संगणकाने ताणणं. त्यात चेहरे मेणाचे दिसतात आणि फिल्मचा मूळचा कणीदारपणा गायब असतो. काम कुठल्या प्रयोगशाळेत झालं, मूळ साहित्य कोणतं होतं, हे जाहिरातीत लिहिलेलं असेल तर जा. नसेल तर पैसे वाचवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त रस आहे. वर सांगितलेल्यातलं जवळपास सगळं कुलाबा ते अंधेरी या पट्ट्यात आहे. डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल इथून संध्याकाळी साडेसहाचा खेळ गाठायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा, आणि परतीला रात्रीची लोकल. प्रेक्षक उपनगरांत राहतो आणि सिनेमा दक्षिण मुंबईत दाखवला जातो, हे मुंबईच्या या सगळ्या संस्कृतीचं मुख्य दुखणं आहे. तेव्हा क्लब काढा, जरूर काढा.

सगळ्यात आधी दिवस ठरवा, चित्रपट नंतर. महिन्याचा एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. हे तीन वर्षभर हलता कामा नयेत. दुसरा किंवा चौथा शनिवार चांगला, कारण बँकवाले घरी असतात. वेळ संध्याकाळी सहा. रविवारी दुपारचा खेळ ठेवूच नका. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुतेक रविवारी सकाळी अकरापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत कुठे ना कुठे असतो, आणि तुमचा पाहुणा किंवा प्रोजेक्टरवाला त्यात अडकणार. गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ आधीच वगळून वार्षिक पत्रक छापा. जुलैतल्या पावसाचा अंदाज मात्र कुणालाच बांधता येत नाही, तेव्हा त्या महिन्यातल्या चित्रपटाचे हक्क घेताना पर्यायी तारीखही लिहून घ्या.

जागेसाठी नाट्यगृहाच्या मागे लागू नका. भाडं परवडत नाही, तारीख मिळत नाही, आणि हजारभर खुर्च्यांत बसलेले साठ लोक बिचारे वाटतात. वाचनालयाचं सभागृह, शाळेचा हॉल, सहकारी पतपेढीची वरच्या मजल्यावरची खोली, साठ ते शंभर खुर्च्यांची काहीही चालेल. मराठी गावांत वाचनालयांच्या कार्यकारिणीला असा उपक्रम हवाच असतो. तिथे सभागृह नाममात्र भाड्यात मिळू शकतं आणि वाचणारा प्रेक्षकही तयार मिळतो. जागा बघायला दुपारी जा आणि सगळे दिवे बंद करा. किती उजेड राहतो? तो राहिलेला उजेड हाच तुमचा खरा शत्रू. प्रोजेक्टर पडद्यावर उजेड टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. काळोख खोलीतूनच यावा लागतो. खिडक्यांना जाड काळं कापड लावण्यावर झालेला खर्च महागड्या प्रोजेक्टरच्या भाड्यापेक्षा जास्त कामी येतो. अंधार नीट असेल तर दहा-बारा फूट रुंद पडद्याला साडेतीन-चार हजार ल्युमेन्सचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) साधा प्रोजेक्टर पुरतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर हवी, साडेचार असेल तर उत्तम. हॉलची जमीन सपाट असते, उपशीर्षकं पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्या माणसाचं डोकं नेमकं तिथेच येतं. परदेशी चित्रपट दाखवून ‘लोकांना कळला नाही’ असं म्हणणाऱ्या क्लबांमध्ये अनेकदा लोकांना तो वाचताच आलेला नसतो. खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा, मधली वाट मोकळी ठेवा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर. सभागृहाच्या भिंतीवर लटकलेली भाषणाची ध्वनियंत्रणा वापरू नका. ती माणसाचा आवाज मोठा करण्यासाठी बसवलेली असते, तिच्यातून संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात आणि संगीताचा तर चोथा होतो. पंख्यांचा आवाजही आधी ऐकून ठेवा. मूकपटाच्या शांत प्रसंगात पंखा कुरकुरत असेल तर प्रेक्षक वर बघतो.

चित्रचौकटीबद्दल मी भांडायला तयार असतो. साठच्या दशकापर्यंतचे बहुतेक भारतीय चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत आहेत, रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा, चित्रपट १९५९चा, आणि त्यानंतरही बरीच वर्षं जुनी चौकट चालू होती. असा चित्रपट रुंद पडद्यावर लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार, त्या यायलाच हव्यात. कुणीतरी उठून ‘पडदा पूर्ण भरत नाहीये’ म्हणेल आणि चालवणारा मुलगा उत्साहाने बटण दाबून चित्र ताणेल. नायिका आडवी होते, टांग्याची चाकं अंडाकृती दिसतात, आणि लोक त्या दिग्दर्शकाला नावं ठेवत घरी जातात. शक्य असेल तर पडद्याच्या दोन बाजूंना काळे पडदे सरकवायची सोय करा. पट्ट्या झाकल्या गेल्या की तक्रार बंद.

पुढेमागे एखाद्या थिएटरात खेळ करायची वेळ आली तर भाडं विचारण्याआधी ‘तुमच्याकडे डीसीपी चालतं का?’ हे विचारा. डीसीपी म्हणजे थिएटरसाठीची प्रमाणित डिजिटल प्रत, ती हार्ड डिस्कवर येते. जुन्या एकपडदा थिएटरांपैकी काहींत उपग्रहावरून चित्रपट उतरवून घेणारी वेगळी यंत्रणा असते, तिथे ही प्रत चालत नाही. प्रत कुलूपबंद असेल तर तिची डिजिटल किल्लीही मागवावी लागते. ती त्याच थिएटरच्या त्याच सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांपुरती असते. सहाचा खेळ पाहुण्यांच्या भाषणांमुळे आठला सुरू झाला आणि किल्लीची मुदत संपत आली, असले प्रसंग मोठ्या महोत्सवांतही घडतात. किल्लीची मुदत नेहमी खेळाच्या आदल्या दिवसापासून मागा, म्हणजे चाचणीही होते.

हक्कांचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण इथेच बहुतेक हौशी क्लब घसरतात. ओटीटीची वर्गणी भरली म्हणजे चित्रपट साठ जणांना दाखवायचा अधिकार मिळाला असं होत नाही. डीव्हीडीवरही ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं छापलेलं असतं. हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, साधा ईमेलही चालतो. मराठी चित्रपटांच्या बाबतीत निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला थेट लिहा. ‘बिनव्यापारी खेळ, इतके सभासद, अमुक तारीख, आपण आलात तर आनंद होईल’, एवढं स्पष्ट पत्र असेल तर थोड्या मानधनात, कधी फुकटातही होकार येतो. दिग्दर्शकालाही आपला चित्रपट कुणीतरी काळजीपूर्वक पाहावा असं वाटत असतं. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली स्थापन झालं आणि आता एनएफडीसीच्या छत्राखाली आहे. परदेशी चित्रपटांसाठी वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रं. त्यांच्याकडे दाखवायचे हक्क असलेले संच असतात आणि मुंबईबाहेरचा क्लब विचारतोय म्हटल्यावर ते खूश होतात.

कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ साली आलेल्या चित्रपटाचा कॉपीराइट २०२४ संपताना संपला. मात्र गाण्यांचे शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतात, आणि जतन करून बनवलेली नवी प्रत ज्याच्याकडे आहे तो ती कोणत्या अटीवर देईल हा त्याचा प्रश्न. हक्क संपले तरी चांगली प्रत मिळणं संपत नाही. यूट्यूबवरून उतरवलेली, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असलेली प्रत दाखवू नका. आपणच अशी प्रत दाखवली तर मोठ्या पडद्याचा आग्रह कशासाठी धरायचा?

सेन्सॉर प्रमाणपत्र असलेले चित्रपट दाखवणार असाल तर त्या बाजूने अडचण नाही. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर दारात वय पाहा. २०२४पासून यूए मध्येही ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन टप्पे आले आहेत, ते पत्रकात छापा म्हणजे पालकांना ठरवता येईल. सभागृहाचे मालक पोलिसांचं नाहरकत पत्र मागतात का, हे जागा ठरवतानाच विचारून घ्या. प्रमाणपत्र नसलेले परदेशी चित्रपट हवे असतील तर मात्र संस्था नोंदवून फेडरेशनशी संलग्न व्हा. महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते, निदान सात सभासद लागतात, आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून सादर करावे लागतात. पहिल्या वर्षी हे लचांड मागे लावून घेण्यापेक्षा चालू असलेल्या वाचनालयाचा किंवा मंडळाचा ‘चित्रपट विभाग’ म्हणून सुरुवात करा. वर्ष टिकलात तर नोंदणी करा. पहिला उत्साह ओसरून चौथ्या महिन्यात किती लोक येतात, त्यावर बऱ्यापैकी अंदाज येतो.

चित्रपट निवडताना पहिल्याच महिन्यात आपली विद्वत्ता दाखवू नका. तीन तासांचा, संथ, कृष्णधवल, मृत्यूवर चिंतन करणारा चित्रपट उत्कृष्ट असेल, पण तो सातव्या महिन्यात येऊ द्या. पहिल्या चार महिन्यांत दोन तासांच्या आतलेच घ्या. आठपर्यंत चित्रपट, साडेआठपर्यंत गप्पा, नऊला लोक घरी जेवायला. वर्षात एक मूकपट, एक माहितीपटांची संध्याकाळ, एक शेजारच्या देशाचा चित्रपट असावा. उरलेल्यांपैकी निम्मे तरी मराठी असावेत, आणि फक्त कौतुकाने मिरवायचेच नव्हेत, वाद घालण्यासारखेसुद्धा. सुरुवातीला एकाने पाच मिनिटं बोलावं. चित्रपट कधीचा, कोणत्या परिस्थितीत झाला, काय बघायला विसरू नका, आणि गोष्ट अजिबात सांगायची नाही. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांना पहिल्या दिवसापासून फाटा द्या. एकदा सुरू केलंत की बंद करता येत नाही, कुणीतरी दुखावतं. चर्चा चित्रपटानंतर, खुर्च्या गोल करून, आणि पहिला बोलण्याचा मान सगळ्यात लहान सभासदाला. नाहीतर निवृत्त मंडळी इतकं चांगलं बोलतात की तरुण पुढच्या महिन्यात येत नाहीत.

पहिला चित्रपट कोणता, असं तुम्ही विचारणारच. मी १९३६चा ‘संत तुकाराम’ सुचवीन. हक्कांची मुदत केव्हाच संपली आहे, चांगली प्रत पुण्याहून मागता येते आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला तो आपला पहिला चित्रपट. दोन तासांच्या वर दहा-बारा मिनिटं जातो, तेवढी सूट द्या. आजीपासून नातवापर्यंत सगळे येतील, आणि भक्तिपट म्हणून आलेले लोक जिजाईचा रोखठोक संसार बघून चकित होतील. प्रत मिळवायला वेळ लागतो, तेव्हा पुण्याला पत्र आजच पाठवा आणि पहिला खेळ तीन महिन्यांनंतरच्या दुसऱ्या शनिवारचा धरा. मधल्या काळात खिडक्यांची मापं घेऊन काळं कापड शिवून घ्या.